मध्य ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅबोरिजिनल वस्तीत सहा आठवडे: एका वैद्यकीय विद्यार्थिनीच्या प्रश्नांना उत्तर

अ‍ॅडलेडमध्ये तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका मराठी मुलीनं विचारलं आहे. अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या पश्चिमेला असलेल्या एका अ‍ॅबोरिजिनल (ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांच्या) वस्तीच्या क्लिनिकमध्ये तिला सहा आठवड्यांची प्लेसमेंट मिळते आहे, आणि शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलची जागाही हातात आहे. वस्तीत गेले तर शिकायचं राहून जाईल का? तिथं विद्यार्थ्याला काय करू देतात? नाशिकला आईबाबा घाबरलेत, त्यांना काय सांगू? आणि मैत्रीण म्हणते की गरिबांच्या जिवावर आपला बायोडेटा सजवण्याचा हा प्रकार आहे, ते खरं का?

मी महाराष्ट्रात शिकले. परदेशात शिकलेल्या डॉक्टरांना इथं साधारणपणे दहा वर्षं डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात काम करावं लागतं, तरच त्यांच्या रुग्णांना मेडिकेअरचे, म्हणजे सरकारी आरोग्य विम्याचे, पैसे मिळतात. त्या अटीमुळे मी मध्य ऑस्ट्रेलियात आले आणि अट संपल्यावरही इथंच राहिले. माझ्याकडे दरवर्षी विद्यार्थी येतात. त्यामुळे हातचं राखून न ठेवता सांगते.

जा. पण एक गोष्ट मनाशी पक्की करून जा. या वस्त्यांना हुशार माणसांची वानवा नाही, टिकणाऱ्या माणसांची आहे. नर्स येतात, काही महिन्यांत जातात. डॉक्टर चार दिवस येतात आणि परततात. एखाद्या आजीनं आपल्या मधुमेहाची कहाणी इतक्या नव्या चेहऱ्यांना सांगितलेली असते की आता ती सांगतच नाही. तू त्या रांगेतला आणखी एक चेहरा होणार की आधीपासून चालू असलेल्या कामाला हात लावणार, यावर सगळं ठरतं. तुझ्या चारही प्रश्नांची उत्तरं माझ्या मते इथूनच निघतात.

आधी जागेचा अंदाज घे. नॉर्दर्न टेरिटरी महाराष्ट्राच्या चौपटीहून मोठी आणि लोकसंख्या अडीच लाखांच्या आसपास. त्यातले सुमारे ३० टक्के अ‍ॅबोरिजिनल. वस्त्या बहुतेक काहीशे लोकांच्या. युएन्डुमू अ‍ॅलिसपासून ३०० किलोमीटरच्या आसपास, किन्टोर ५०० च्या पुढे, आणि त्यातला बराच रस्ता कच्चा. क्लिनिक चालवतात नर्स आणि त्याच समाजातले प्रशिक्षित आरोग्यकर्मी, म्हणजे अ‍ॅबोरिजिनल हेल्थ प्रॅक्टिशनर. डॉक्टर मोठ्या वस्तीत राहतो, छोट्या वस्तीत ठरावीक दिवशी येतो, एरवी फोनवर असतो. रुग्ण हलवायचा असेल तर फ्लाइंग डॉक्टरचं विमान येतं. ही सेवा १९२८ मध्ये क्वीन्सलँडच्या क्लोनकरी गावातून सुरू झाली. आजही विमान धावपट्टीवर उतरेपर्यंत काही तास जातात, आणि तेवढा वेळ रुग्ण आपल्याच हातात असतो.

आता शिकण्याचं. शहरात तुला दुर्मीळ आजार दिसतील, त्यांच्याभोवती दहा तज्ज्ञ दिसतील आणि तू अकरावी उभी असशील. वस्तीत पहिल्याच आठवड्यात तू पन्नास कान तपासशील. कान वाहणारी मुलं इथं इतकी आहेत की पालकांना ते आजारपणच वाटत नाही. टिश्यू पेपरची बारीक पिळून वात करायची, कानात हलकेच घालायची, ओली झाली की दुसरी, कोरडी निघेपर्यंत, आणि मग थेंब. हे कुणीही शिकू शकतं आणि याचा खरा उपयोग होतो. नीट ऐकू न येणारं मूल शाळेत मागं पडतं, मग शाळा सोडतं. मोठ्या माणसांतही ही बहिरेपणाची शिदोरी आलेली असते. म्हणून समोरचा माणूस गप्प असेल तर तो बुजरा आहे असं ठरवण्याआधी त्याला ऐकू येतंय का ते बघ.

पण मला तुला एका आजाराबद्दल जरा सविस्तर सांगायचंय, कारण वस्तीतलं वैद्यक काय असतं ते त्यात सगळं येतं. ऱ्हुमॅटिक फीव्हर. ऑस्ट्रेलियासारख्या श्रीमंत देशात हा आजार पुस्तकातच उरायला हवा होता. पण इथल्या अ‍ॅबोरिजिनल मुलांमधलं त्याचं प्रमाण जगातल्या सर्वाधिक प्रमाणांमध्ये मोडतं. घशात किंवा त्वचेच्या फोडांत स्ट्रेप्टोकोकस वाढतो, शरीर त्याच्याशी लढताना आपल्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर हल्ला करतं. सांधे बरे होतात, झडपा होत नाहीत. पुढं वीस-बावीस वर्षांची मुलगी गरोदरपणात धाप लागून येते आणि तेव्हा कळतं की मायट्रल झडप कधीचीच गेली.

एक गुडघा दुखतोय आणि अंगात थोडा ताप आहे, एवढंच घेऊन एखादं दहा वर्षांचं मूल येतं. शहरात तू म्हणशील, खेळताना मुरगळला असेल. इथं तसं म्हणायचं नाही. या आजाराच्या निदानाचे जोन्सचे निकष तू घोकले असशील. जास्त धोका असलेल्या लोकांसाठी त्यांची पातळी खाली आणली आहे: एकच सांधा सुजला तरी तो मोठा निकष धरतात, आणि ताप ३८ अंशांचा पुरतो. सांध्यात पू झालेला नाही ना, हे आधी बघायचं, आणि मूल अ‍ॅलिसला पाठवायचं. ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) होईपर्यंत त्याला घरी सोडायचं नाही. हा निर्णय पहिल्यांदा कोण घेतं? बहुतेक वेळा नर्स किंवा हेल्थ प्रॅक्टिशनर. त्यांच्या हाताशी कार्पाची मार्गदर्शिका असते, म्हणजे सेंट्रल ऑस्ट्रेलियन रूरल प्रॅक्टिशनर्स असोसिएशनची. सोप्या इंग्रजीत, पायरी पायरीनं, आणि डॉक्टरला फोन कधी लावायचा ते ठळक लिहिलेलं. जाण्याआधी वाचायचं असेल तर तुझं जाडजूड मेडिसिनचं पुस्तक बाजूला ठेव, ही वाच.

निदान झालं की खरं काम सुरू होतं. बेन्झाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन, दर २८ दिवसांनी, वर्षाला १३, वर्षानुवर्षं. बहुतेकांना निदान एकविसाव्या वर्षापर्यंत, झडप खराब असेल तर त्याहून पुढे. महाराष्ट्रात आपण हेच पेनिड्युअर नावानं दर २१ दिवसांनी देतो. औषध जुनं, स्वस्त आणि गुणकारी आहे. पण ते घट्ट आहे आणि फार दुखतं. भरलेली सिरिंज फ्रिजमधून काढून दोन्ही तळव्यांत धरून खोलीच्या तापमानाला आणायची. मुलाला विचारायचं, आज कुठली बाजू? त्या जागी अंगठ्यानं थोडा वेळ दाबून धरायचं. मग सुई, आणि औषध दोन-तीन मिनिटं घेऊन अगदी सावकाश. घाई केली की मूल पुढच्या वेळी कुंपणावरून उडी मारून पळतं, आणि त्यात त्याची चूक नसते. आमच्या इथली एक हेल्थ प्रॅक्टिशनर इंजेक्शन देताना मुलाशी फुटबॉलवर बोलते, तिच्या भाषेत. मूल रडतं, पण पुढच्या महिन्यात स्वतःहून दारात येऊन उभं राहतं. तिनं त्या मुलाच्या आईलाही हीच इंजेक्शनं दिलेली आहेत. हे कुठल्याही प्रोफेसरकडून शिकायला मिळणार नाही.

एकोणतिसाव्या दिवसापासून मूल उघड्यावर. म्हणून क्लिनिकच्या संगणकात यादी असते, कुणाचं कधी आहे. पहिल्याच आठवड्यात ती यादी माग. गाडीतून हेल्थ प्रॅक्टिशनरबरोबर घरोघर जा. कुणी अंत्यविधीसाठी दुसऱ्या वस्तीत गेलंय, कुणी अ‍ॅलिसला मावशीकडे, कुणाच्या घराचं दार कुणी उघडतच नाही. फोन करून त्या दुसऱ्या वस्तीच्या क्लिनिकला सांगावं लागतं की अमुक मूल तुमच्याकडे आलंय. विद्यार्थ्यानं सहा आठवडे नेटानं एवढंच केलं तरी क्लिनिक त्याचं नाव लक्षात ठेवतं.

आणि घरं बघ. एका नळावर पंधरा माणसं, शॉवर बिघडलेला, कपडे धुवायचं यंत्र बंद. १९८७ मध्ये नगानाम्पा हेल्थ कौन्सिलनं दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या पित्जंतजत्जारा भागात पाहणी करून आरोग्यासाठी घरात लागणाऱ्या नऊ गोष्टींची क्रमवार यादी केली. पहिली: माणसांना, विशेषतः लहान मुलांना, धुता येणं. त्या कामातून पुढं हजारो घरं तपासली गेली, दुरुस्त झाली, आणि दिसलं ते असं की बहुतेक बिघाड देखभालच न झाल्यामुळे किंवा मुळातल्या निकृष्ट बांधकामामुळे होते. रहिवाशांनी केलेल्या मोडतोडीचा वाटा दहा टक्क्यांच्याही आत होता. हे लक्षात ठेव, कारण अ‍ॅलिसच्या दुकानात, विमानतळावर, कधीकधी स्टाफरूममध्येही, तुला उलटं ऐकवणारे भेटतील.

बोलण्याबद्दल. इथले बरेच रुग्ण वार्लपिरी, पिंतुपी, अरेर्न्ट बोलत मोठे झालेत. इंग्रजी त्यांची तिसरी-चौथी भाषा. तू भराभर प्रश्न विचारलेस की उत्तर "हो" येईल. छातीत दुखतं? हो. दुखत नाही ना? हो. हा खोटेपणा नव्हे. अधिकारातल्या माणसाशी वाद न घालता सुटका करून घेण्याची ही सवय आहे, आणि ती सवय का लागली ते या देशाच्या इतिहासात आहे. १९७० च्या दशकापर्यंत सरकारी माणसं या लोकांच्या घरातून मुलं उचलून नेत होती. २००७ मध्ये केंद्र सरकारनं टेरिटरीतल्या वस्त्यांत हस्तक्षेप केला त्या वेळी मुलांच्या आरोग्य तपासण्या जाहीर झाल्या त्याही सैन्याच्या मदतीनं. तपासायला आलेल्या परक्या माणसाकडे आजी कशी बघत असेल याचा विचार कर.

म्हणून समोरासमोर न बसता जरा बाजूला बस. डोळ्यांत डोळे घालून बघू नकोस. आधी स्वतःबद्दल सांग: गाव कुठलं, आजी आहे का, भावंडं किती. नाशिकची नदी, घाट, द्राक्षं, सगळं सांग, लोक मन लावून ऐकतात. मग एक प्रश्न विचार आणि थांब. आपल्याला तीन सेकंदांची शांतता असह्य होते. इथं अर्धा मिनिट लागतो आणि त्यानंतर जे येतं ते खरं असतं. दुभाषी मिळत असेल तर माग, फोनवरूनही मिळतो. नात्यांचे नियम कडक आहेत. सासू आणि जावई एका खोलीत बसणार नाहीत, एकमेकांशी बोलणार नाहीत. आपल्याकडे जुन्या घरांत सून सासऱ्यासमोर पदर सावरून बाजूला व्हायची, त्याहून हे पुष्कळ पुढचं. प्रतीक्षाकक्षात कुणी अचानक उठून बाहेर गेलं तर औषध नको म्हणून गेलं असं समजू नकोस. बायकांचे प्रश्न बायकांनीच, पुरुषांचे पुरुषांनीच हाताळायचे. मृत माणसाचं नाव घ्यायचं नाही. आणि वस्तीत मृत्यू झाला की क्लिनिकचं वेळापत्रक बाजूला पडतं, त्या दिवशी तुझं ठरलेलं शिकणं होणार नाही. ते तसंच असायला हवं.

काय करू देतात? इतिहास, तपासणी, ईसीजी, रक्त काढणं, लसी, बोटातून हिमोग्लोबिन, वार्षिक आरोग्य तपासणीतला मोठा भाग, हे सगळं देखरेखीखाली. जखमा शिवणं भरपूर. क्लिनिकमध्ये हातात मावणाऱ्या यंत्रावर इलेक्ट्रोलाइट (रक्तातले क्षार), ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का ते सांगणारं) काही मिनिटांत कळतात, ते वाचायला शिकशील. एकटीनं कॉलवर जाणं नाही, एकटीनं औषध देणं नाही. कुणी "चल, तूच कर, इथं कोण बघतंय" म्हणालं तर ठाम नकार दे. शहरातल्या रुग्णावर जे तू देखरेखीशिवाय करणार नाहीस ते इथंही करायचं नाही. आणि तुझी शिक्षिका बहुधा हेल्थ प्रॅक्टिशनर असेल. २०१२ पासून हा राष्ट्रीय नोंदणी असलेला व्यवसाय आहे. तिला मदतनीस समजणारा विद्यार्थी दोन दिवसांत ओळखू येतो, आणि मग त्याला कुणी काही दाखवत नाही.

परीक्षेची भीती सोड. किडनी, मधुमेह, झडपा, न्यूमोनिया, बालरोग, गरोदरपण, हे सगळं इथं रोजचं आहे. तुझ्या परीक्षेत याहून वेगळं काय येणार?

मैत्रिणीच्या आक्षेपाकडे येते, कारण तो उडवून लावण्यासारखा नाही. काही प्लेसमेंट खरोखर तशा असतात. दोन आठवडे, भरपूर फोटो, एक भावुक पोस्ट, आणि पाठीमागे क्लिनिकच्या डोक्याला झालेला ताप. तुला राहायला घर लागतं, आणि वस्तीत घर ही सगळ्यात दुर्मीळ गोष्ट. तुला शिकवायला वेळ लागतो, तो रुग्णांच्या वेळातून जातो. म्हणून विचार: क्लिनिक कुणाचं आहे? १९७१ मध्ये सिडनीच्या रेडफर्नमध्ये अ‍ॅबोरिजिनल लोकांनी स्वतःची वैद्यकीय सेवा काढली, १९७३ मध्ये अ‍ॅलिसमध्ये सेंट्रल ऑस्ट्रेलियन अ‍ॅबोरिजिनल काँग्रेस उभी राहिली, आणि आज देशभर अशा संस्था आहेत ज्यांचं संचालक मंडळ तिथले लोकच निवडतात. अशा संस्थेनं विद्यार्थी हवा म्हणून स्वतः मागितला असेल, तर तू पाहुणी आहेस, घुसखोर नाहीस. सरकारी क्लिनिक असेल तर वस्तीतल्या लोकांना तू येणार हे माहीत आहे का, एवढं तरी विचारून घे.

दुसरं, सहा आठवडे कमीच आहेत. आपल्या सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात पहिल्या वर्षीच तुकडी गावात शिबिराला राहते आणि पुढेही त्याच गावातल्या त्याच कुटुंबांकडे जात राहते. त्यामागचा विचार मला फार योग्य वाटतो. इथंही फ्लिंडर्स विद्यापीठानं १९९७ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या रिव्हरलँडमध्ये विद्यार्थ्यांना सबंध वर्ष एकाच ग्रामीण भागात ठेवायला सुरुवात केली. जेम्स कुक विद्यापीठाचा टाउन्सव्हिलचा अभ्यासक्रम २००० पासून ग्रामीण भागासाठी डॉक्टर घडवण्याच्या पायावर उभा आहे. ग्रामीण भागातून आलेले आणि ग्रामीण भागात दीर्घकाळ शिकलेले डॉक्टर पुढं तिथं राहण्याची शक्यता जास्त, हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. तेव्हा विद्यापीठाला आत्ताच विचार की शेवटच्या वर्षी, किंवा इंटर्न म्हणून, त्याच वस्तीत परत येता येईल का. तुझ्या या एका प्रश्नावरून क्लिनिकही तुला वेगळ्या नजरेनं बघेल.

फोटो काढू नकोस, काढलाच तर ज्याचा आहे त्याला आणि त्याच्या घरच्यांना विचारून. मुलांचे तर मुळीच नको.

आणि केवळ दैन्य बघून परत येऊ नकोस, नाहीतर मैत्रीण बरोबर ठरेल. किन्टोरच्या लोकांना डायलिसिससाठी घरदार, नातवंडं सोडून अ‍ॅलिसला यावं लागायचं. आठवड्यात तीनदा यंत्रावर, उरलेला वेळ परक्या गावात, आणि मरणही तिथंच. सरकार म्हणायचं, वाळवंटात डायलिसिस शक्य नाही. मग किन्टोर आणि त्यापलीकडच्या किविरकुरा वस्तीच्या चित्रकारांनी मोठी चित्रं रंगवली, २००० मध्ये सिडनीत त्यांचा लिलाव झाला आणि दहा लाख डॉलरहून जास्त रक्कम उभी राहिली. २००४ मध्ये किन्टोरमध्ये यंत्र सुरू झालं. ती संस्था आज पर्पल हाउस म्हणून ओळखली जाते, तिची युनिट्स अनेक वस्त्यांत आहेत, यंत्रं बसवलेला ट्रकही आहे. २०१८ मध्ये अतिदुर्गम भागातल्या डायलिसिसला मेडिकेअरचे पैसे मिळू लागले, ते या लोकांच्या रेट्यामुळे. अ‍ॅलिसमध्ये असशील तेव्हा तिथं जाऊन ये. आरोग्यसेवा कशी उभी राहते याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

आईबाबांना सांग: वस्तीत राहण्याची जागा क्लिनिकच्या आवारात किंवा जवळच असते, रात्री कॉलवर एकटी नर्स पाठवण्याची पद्धत आता बंद आहे. खरा धोका रस्त्याचा आणि उन्हाचा. संध्याकाळनंतर गाडी चालवायची नाही, कांगारू आणि गुरं आडवी येतात. गाडी बिघडली तर ती सोडून चालत जायचं नाही, पाणी भरपूर आणि सॅटेलाइट फोन बरोबर. उन्हाळ्यात पारा ४० च्या वर, जून-जुलैत रात्री शून्याखाली, त्यामुळे जाडी रजई न्यायची. मोकाट कुत्री असतात, हातात काठी ठेवून चाललं की पुरतं. दारू बंदी असलेल्या वस्तीत बाटली नेणं गुन्हा आहे, भेट म्हणूनही नाही.

मन मात्र थकतं. एकाच आठवड्यात दोन तरुण मृत्यू बघायला लागू शकतात. संध्याकाळी कुणाशी तरी बोलायची सोय आधीच लावून ठेव, विद्यापीठातला सल्लागार, मैत्रीण, आई, कुणीही. नेटवर्क क्लिनिकजवळ मिळतं.

कागदपत्रांचं आजच सुरू कर. वस्तीच्या जमिनीवर जायला सेंट्रल लँड कौन्सिलचा परवाना लागतो, मुलांबरोबर काम करण्याचं टेरिटरीचं ऑकर कार्ड लागतं, आणि लसीकरणाचा दाखला. ऑकर कार्डाला बरेच आठवडे लागू शकतात आणि ते हातात नसेल तर क्लिनिक तुला दारातूनच परत पाठवेल. वस्तीचं नाव पक्कं झालं की तिथं कुठली भाषा बोलतात ते कळव, त्या भाषेत दुखतं कुठं हे विचारायला शिकवणारं कुणी अ‍ॅलिसमध्ये आहे का ते मी बघते.